मागच्या दाराचे मार्क

आमगावच्या आमच्या घराला शंभरपैकी शंभर मार्क मिळाले होते. घरालाही मार्क असतात हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत, आणखी काय सांगू. बैठकीत सासऱ्यांच्या खुर्चीच्या वर त्या घराचा नकाशा काचेच्या फ्रेममध्ये लावला होता आणि खालच्या कोपऱ्यात लाल रंगात शंभराचा आकडा. पाहुणा आला की चहाच्या आधी नकाशा दाखवला जायचा. ज्या कम्प्युटरनं हे मार्क दिले त्याच्यासमोर दिवसभर बसणारी बाई मी होते, त्या घराची सून.

मी पॉलिटेक्निकची, सिव्हिल डिप्लोमा. लग्नाआधीपासून गोंदियाला एका इंजिनिअर साहेबांकडे नकाशे काढायचे. आधी ड्रॉइंग बोर्ड होता, ट्रेसिंग पेपर होता, चूक झाली की ब्लेडनं शाई खरवडायची. मग दोन हजार सालाच्या आगेमागे कम्प्युटर आला. साहेबांचा पुतण्या नागपूरला कम्प्युटर शिकत होता, त्यानं एका उन्हाळ्यात आमच्याकडे बसून एक प्रोग्राम लिहिला. प्लॉटची लांबी-रुंदी टाकायची, रस्ता कोणत्या दिशेला ते टाकायचं, किती खोल्या पाहिजेत ते टाकायचं. प्रोग्राम मग त्या खोल्या इकडून तिकडे सरकवत बसायचा. स्वयंपाकघर आग्नेयेला गेलं की मार्क वाढायचे, संडास ईशान्येला गेला की धाडकन उतरायचे. भिंती कमी लागल्या तर मार्क, उजेड आला तर मार्क, रस्ता नसताना दक्षिणेला दार निघालं तर वजा. असं हजारो वेळा उलटसुलट करून सगळ्यात जास्त मार्कांचा नकाशा तो पुढ्यात ठेवायचा. आता माझ्या मुलाच्या वयाची पोरं याला एआय म्हणतात. आम्ही ऑफिसात त्याला नुसतं 'पुतण्या' म्हणायचो.

नियम मी टाइप केले, पण सांगितले दुसऱ्यांनी. काही साहेबांनी, काही त्यांच्या ओळखीच्या पंडितजींनी, काही गिऱ्हाइकांनी. सगळे पुरुष. गाडी कुठं उभी राहील हे सगळ्यांनी विचारलं. भांडी कुठं घासणार, हे एकानंही विचारलं नाही. मी बोलले नाही असं नाही. बोलले, तर साहेब म्हणाले, मॅडम, ते बायका घेतात पाहून. मग घ्या पाहून!

गोंदियात तर नुसता धुमाकूळ झाला. कोणी धानाचा व्यापारी, कोणी राइस मिलवाला, येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि पडद्यावर खोल्या उड्या मारताना मटक्याचा आकडा लागल्यासारखे पाहायचे. एक जण म्हणाला, "मॅडम, मेरे साले का नब्बे आया था, मुझे पंचानवे तो दे दो." मी म्हटलं, भाऊ, मैं बोर्ड की परीक्षा नहीं ले रही. ऐकतो कोण. पाच-सात वर्षांत गावाबाहेरच्या लेआउटांमध्ये एकसारखी घरं उभी राहिली. कोणाकडे हळदीकुंकवाला गेले तर न विचारता मी सरळ मोरीपर्यंत जायची. पाण्याचा माठ कुठं असेल, सासू कुठं झोपत असेल, सून रडायची झाली तर कुठं जाऊन रडत असेल, सगळं मला पाठ. दिवसभर ती घरं काढायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं तसल्याच घरात परत जायचं, याचा मला किती वीट आला होता!

पण आमचं जुनं घर तसं नव्हतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर सपरी, म्हणजे ओसरी, आणि मागं वाडीत उघडणारं एक बुटकं दार. पुढचं दार सासऱ्यांचं. ते मोठ्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सपरीत दिवसभर जुने मास्तर, पेपर, राजकारण. मागचं दार सासूबाईंचं. वाडीत वांगी, वालाचा मांडव, लिंबू. वाडीच्या पलीकडे पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट, आणि पांदणीपलीकडे बौद्ध मोहल्ला. तिथली एक बाई रोज दुपारी पांदण ओलांडून यायची. तरुणपणी ती आमच्या शेतात धानाच्या रोवण्याला यायची, तेव्हापासूनची दोघींची ओळख. हिवाळ्यात लाखोरीची भाजी घेऊन यायची, आणि दोघी दाराच्या पायरीवर बसून ती निवडायच्या. एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. ती सासूबाईंना मास्तरीनबाई म्हणायची. दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तिचा स्टीलचा गिलास पालथा असायचा. चहा झाला की ती तो विसळून परत तिथंच ठेवायची.

लग्न होऊन आले तेव्हा मला त्या दोघींचा फार हेवा वाटायचा. सासूबाई घरात हळू बोलायच्या, पण त्या पायरीवर त्यांचा हसण्याचा आवाज मोठा असायचा. सुट्टीच्या दिवशी मीही तिथं जाऊन बसायची, डोक्यावरचा पदर खांद्यावर. गिलासाकडे मी कधी लक्षच दिलं नाही. ज्याचा त्याचा गिलास असतो, एवढंच वाटलं.

मग सासऱ्यांनी घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. एका सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून माझ्याबरोबर पॅसेंजरनं गोंदियाला आले आणि ऑफिसात माझ्यामागे खुर्ची टाकून बसले. रस्ता उत्तरेला, वाडी दक्षिणेला. मी आकडे टाकले, खोल्या सरकायला लागल्या. ऐंशी. एक्याण्णव. सत्त्याण्णववर येऊन पुतण्या अडला. सासऱ्यांनी विचारलं, तीन मार्क कशाचे गेले? संडासाचे, मी सांगितलं, घरात आहे म्हणून. ते म्हणाले, काढ बाहेर, वाडीच्या कोपऱ्यात टाक. काढला. शंभर आले.

जन्मभर या माणसानं कोणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. माझ्या नवऱ्यालासुद्धा गणितात एक मार्क कापून नव्व्याण्णव दिले होते, अक्षर वाईट म्हणून. ते उठून उभे राहिले आणि साहेबांच्या टेबलाशी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. मला नकाशात काय नाही ते तोपर्यंत दिसलं होतं.

मी म्हटलं, मामाजी, मागचं दार नाही आलं. ते म्हणाले, शंभर आले ना? मी दार टाकून दाखवलं. अठ्ठ्याऐंशी.

"बारा मार्काचं दार कायले पायजे?" ते म्हणाले.

मी सांगून पाहिलं की वाडीत जायला लागतं, भांडी असतात, वाळवण असतं, आईंची दुपार तिथं जाते. त्यांनी ऐकलं, चिडले नाहीत. म्हणाले, बेटा, कम्प्युटरला काही आपला-परका नसतो, तो देतो ते खरे मार्क. ग्रेस मार्कांनी पास झालेल्या घरात मी राहणार नाही. कपाळ!

घरी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना नकाशा समजावून सांगितला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग मी वाडीत कुठून जाऊ?"

"पुढून जाय ना," सासरे म्हणाले. "कोन अडवते तुले?"

नंतर स्वयंपाकघरात त्या मला म्हणाल्या, त्या कम्प्युटरच्या डब्याले तूच सांगतं ना सगळं, मंग हे बी सांग. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता पुतण्यापुढे बसले. पांदण हाच मोठा रस्ता आहे असं त्याला सांगितलं, म्हणजे तिकडे दार काढल्याचे मार्क तो कापणार नाही. त्यानं निमूटपणे सगळं घरच फिरवलं. बैठक पांदणीकडे, स्वयंपाकघर गावाच्या रस्त्याकडे, आणि मार्क भरपूर. दोन्ही बाजूंना रस्ता सांगितला तर जिना बैठकीच्या मधोमध आणून ठेवला. चार-पाच दिवस मी त्या मशीनशी भांडले. एक साधं बुटकं दार त्याला समजेना, कारण ते कशासाठी असतं याचा रकानाच त्यात नव्हता. तो मी घालते म्हटलं तर साहेब म्हणाले, नियम बदलले तर आधीच्या गिऱ्हाइकांचे मार्क बदलतील, लोक ऑफिस फोडतील. नवऱ्याला सांगितलं. बाबा म्हणतात तर राहू दे ना, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. देवानं त्यांना तेवढं एकच वाक्य देऊन पाठवलं होतं.

घर बांधून झालं. स्लॅब, टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा. स्वयंपाकघराला वाडीकडे एक खिडकी, तिला लोखंडी गज. वाडीत जायचं तर बैठकीतून, सासऱ्यांच्या आणि चार मास्तरांच्या समोरून, डोक्यावर पदर घेऊन, मग घराच्या कडेच्या अरुंद गल्लीतून मागं. भांड्यांची टोपली घेऊन सासूबाई पहिल्यांदा बैठकीतून निघाल्या तेव्हा सगळे मास्तर बोलायचे थांबले. टोपली जाईपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवसापासून भांडी आतल्या मोरीत घासायला लागलो. हळूहळू संडासापुरतं सोडलं तर वाडीत जाणंच सुटलं. वांगी गेली, वालाचा मांडव पडला, गाजरगवत कमरेइतकं झालं. सासूबाई घरात आणखी हळू बोलू लागल्या.

आणि माझं काय वेगळं होतं! सकाळी गाडी पकडायला निघाले की खुर्चीसमोरून, परत आले की खुर्चीसमोरून. आज उशीर झाला काय, आज लवकर काय. पूर्वी उशीर झाला तर मी पांदणीतून येऊन मागच्या दारानं गुपचूप आत शिरायची आणि सासूबाई काही न बोलता ताट वाढायच्या. तेवढीच एक फट होती आणि ती मीच माऊस धरून बुजवली, असं मनात आलं की मला आतून संताप यायचा. कोणावर काढणार? फ्रेमवर?

पांदणीपलीकडची बाई मात्र येत राहिली. ती खिडकीबाहेर गवतात उभी राहायची, सासूबाई आत ओट्याला टेकून. लाखोरीची भाजी गजांतून मूठ-मूठ आत यायची. गिलास आता खिडकीच्या आतल्या कठड्यावर असायचा. चहा भरून सासूबाई तो गजांतून बाहेर द्यायच्या. दोघींचे गुडघे दुखायला लागले तशी भेट छोटी होत गेली. मी एकदा त्या बाईला म्हटलं, मावशी, गवतात कायले उभ्या राहता, पुढून या ना आत. ती हसली आणि सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई गॅसकडे वळल्या. मी गाडीच्या घाईत होते, निघून गेले.

मग तिची मुलगी नर्स झाली आणि त्यांनीही घर काढलं. नकाशासाठी मावशी स्वतः आमच्या ऑफिसात आली, साहेबांसमोरची खुर्ची ओढून बसली. साहेबांनी सवयीनं मार्कांचं सुरू केलं. तिनं त्यांना मधेच थांबवून मला सांगितलं, मार्क किती बी येऊ दे व बाई, पन ओटा रस्त्याकडं पायजे, मोठा, चार लोक बसतील असा. मी तो नकाशा हातानं काढला. पुतण्याला विचारलंसुद्धा नाही. त्या वर्षात मला तेवढं एकच काम करताना बरं वाटलं.

पुढं ऑफिसात नवीन मशीन आलं आणि जुना कम्प्युटर साहेबांनी मला घरी नेऊ दिला. तो आमच्या खोलीत टेबलावर ठेवला. सासऱ्यांनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणून घेतलं आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला; घराला शंभर देणारा तो. वर्षभरातच आतलं काहीतरी जळलं, बटण दाबलं तरी दिवा लागेना. मी कोणाला बोलले नाही. झाकण टाकून ठेवलं.

एका पावसाळ्यात सासरे त्या कडेच्या गल्लीत शेवाळावरून घसरले. संडासला निघाले होते. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण बैठकीतून बाहेर पडून, तीन पायऱ्या उतरून, गल्लीतून कोपऱ्यापर्यंत जाणं त्यांना जमेना. बैठकीतच खाट टाकली, भांडं द्यायला लागलो. हेडमास्तर माणूस, तोंड भिंतीकडे करून पडायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे तेव्हा कळलं.

एक दिवस ते मला म्हणाले, बेटा, स्वयंपाकघरातून मागं दार काढता येईल काय, कम्प्युटरले विचारून पाय. मी आमच्या खोलीत गेले. मागोमाग सासूबाईही येऊन चौकटीत उभ्या राहिल्या. मी क्रोशाचं झाकण काढलं आणि काळ्या पडद्यासमोर बसले. बसायला तर पाहिजेच होतं. लगेच बाहेर गेले असते तर त्यांना पटलं नसतं. पडद्यात माझंच तोंड दिसत होतं. सासूबाईंनी मशीनकडे पाहिलं, भिंतीतल्या काढून ठेवलेल्या प्लगकडे पाहिलं, आणि परत गेल्या. मी बाहेर येऊन सांगितलं, मामाजी, हो म्हणतो. ते म्हणाले, मार्क? मी म्हटलं, आता नियम बदलले, कापत नाहीत.

दोन दिवसांत मिस्त्रीनं खिडकी काढून दार बसवलं. माझ्या सासूनं जे इतकी वर्षं मागितलं ते तिच्या नवऱ्याच्या संडाससाठी दोन दिवसांत झालं. मला दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं, पण सासूबाई खूश होत्या. त्यांनी स्वतः मिस्त्रीपाशी उभं राहून दाराच्या बाजूला एक कोनाडा ठेवून घेतला. टाइल्सच्या भिंतीत कोनाडा; मिस्त्री हसला. गवत कापून घेतलं. पायरी धुतली. कोनाड्यात गिलास पालथा घातला आणि पांदणीकडे तोंड करून हाक मारली.

ती बाई आली. दार पाहिलं, चौकटीवर हात फिरवला, चांगलं झालं म्हणाली. सासूबाई तिला बसायला सांगत होत्या, सरकून जागा करत होत्या. तिची नजर कोनाड्यावर गेली.

"गिलास अजून ठेवला काय, मास्तरीनबाई?"

सासूबाई म्हणाल्या, तुझाच ना तो, कुठं जाते.

ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "खिडकी होती तवा मले बरं वाटे. वाटे, दारच नाही तर कोन काय करनार. आता दार झालं. पन या दारानं मी येनार नाही. पुढून बोलवा, येईन."

आणि ती गेली. पांदण ओलांडताना गुडघ्यावर हात ठेवून, हळू. सासूबाई पायरीवर बसून राहिल्या. मी कोनाड्याकडे पाहत होते. इतकी वर्षं मी त्या दारासाठी भांडले, ते मला एकाच बाजूनं दिसलं होतं. मी आतल्या अंगालाच बसत होते ना.

बऱ्याच वेळानं सासूबाई उठल्या आणि बैठकीत गेल्या. सासऱ्यांच्या खाटेपाशी उभ्या राहून म्हणाल्या की उद्या मी तिले पुढून बोलावून राहिली, चहाले, इथं, आपल्या कपात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

सासरे छताकडे पाहत होते. "कम्प्युटरले विचारलं?"

"तो बंद हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मालूम हाय मले," सासरे म्हणाले. "कवाचाच बंद हाय."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वर फ्रेममधले शंभर मार्क तसेच.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, पाहुण्यांचे कप काढून पुसले, आणि बैठकीतून पुढच्या दारापर्यंत गेल्या. दार उघडं होतं. मास्तर मंडळींचं येणं केव्हाच बंद झालं होतं, सासरे झोपलेले, रस्ता रिकामा. हाक मारायला चौकापर्यंत जायचं, तिथून मोहल्ल्याकडे वळलं की तिचा मोठा ओटा. मी मागून म्हटलं, आई, मी येऊ काय संगं? त्यांनी मान हलवली, नको. चौकटीला हात लावून, पदर नीट करून त्या उभ्या राहिल्या. कोणी अडवत नव्हतं.

मग त्या परत आल्या. कप कपाटात ठेवले आणि मागच्या दाराशी, पायरीच्या आतल्या अंगाला जाऊन बसल्या.